स्टेजवरचा सत्कार

सातारा स्टँडवर मी फलटणच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण होती. ती व्हीलचेअरवर बसली होती.

"शिवांजली, काल एवढा सत्कार झाला आन् तू सकाळधरनं गप का?"

"दादा, चौघांनी मला खुर्चीसकट उचलून स्टेजवर नेलं, तवा तू काय करत हुतास?"

"फोटो काढत हुतो की. लोकांनी लय टाळ्या वाजवल्या."

"त्यो हॉल बांधताना अपंगांची सोय कशी करायची, हे इंजिनिअरला सांगायचं काम माझं. सत्कारबी त्या कामाचाच. आन् मी पोत्यागत वर गेले."

"त्यात तुझी काय चूक? त्या जयराज इंजिनिअरसाहेबानं स्टेजला उतार केला न्हाई."

"दाराला सांगितला, केला. बाथरूमलाबी केला."

"मग स्टेजचं इसरला व्हय?"

"इसरला न्हाई. 'मॅडम, स्टेजलापण करू का?' म्हणून इचारलं हुतं त्यानं."

"मग?"

"मीच नको म्हणाले."

"का गं?"

"खुर्चीतलं माणूस खाली बसून बघंल, वर कशाला जाईल, असं वाटलं मला."

"तू? सोता खुर्चीत बसून?"

"असं बघू नगंस, दादा."

"मी सांगू का साहेबाला? फोन लावतो."

"लाव, पण दे माझ्याकडं."

"घे. लागलाय."

"साहेब, शिवांजली बोलतेय. स्टेजला उतार करायचा राहिलाय. न्हाई, न्हाई, तुमच्याकडनं न्हाई. माझ्याकडनं."