लोंबणारी निळी वायर

मी मूळची मखमलाबादची. माहेरी झेंडू, सासरी गुलाब, म्हंजी जन्म ठिबकच्या नळ्यांतच गेला म्हणा. नळीचं टोक मोकळं दिसलं की हात आपोआप जातो, दुमडायचं न बांधून टाकायचं, नायतर सगळं पाणी तिथंच वाहून जातं. हे आधी सांगते कारण घोळ इथूनच झाला.

मालक गेल्यावर मी नाशकात कॉलेजात लागले, कॉम्प्युटरच्या लॅबमधी झाडायला-पुसायला. तव्हा वायर म्हंजी लायटीची, एवढंच म्हाईत. एक दिवशी झाडता झाडता पाहिलं तर भिंतीवरच्या डब्यातनं एक निळी वायर निघालेली, टोक लोंबतंय, न डब्याला एक भोक रिकामं. दिलं खोचून. टक आवाज आला, बरं वाटलं मला.

न काय सांगू तुम्हाला, अर्ध्या तासात पोरांची ऑनलाइन परीक्षा, न एकबी कॉम्प्युटर चालंना. डब्यावरचे दिवे नुसते लुकलुक लुकलुक. लॅब सांभाळणाऱ्या वैशाली मॅडम नवीनच लागलेल्या, घामाघूम झाल्या. प्राचार्य दारात येऊन म्हणाले, तुमच्यानं होत नसेल तर उद्यापासून येऊ नका. आज नवीन काय झालंय ते मलाच म्हाईत. बोलावं तर माझं काम जाणार, लेक पदरात, घरात कमावणारी मी एकटी, न गप ऱ्हावं तर त्या पोरीचं जातंय. लय भ्याले. पण पुढं झाले न म्हटलं, साहेब, ते टोक मी खोचलं.

मॅडमनी वायर उपसली. दिवे शांत झाले, परीक्षा सुरू झाली. प्राचार्य मॅडमला म्हणाले, काय झालं ते लेखी द्या मला.

दुपारी मॅडमनी मला शेजारी बसवलं. म्हणाल्या, मावशी, या डब्याला स्विच म्हणतात, पण हे लाइटचं बटण नाही, हा गल्लीतला पोस्टमन आहे, कोणतं पत्र कोणत्या घरी द्यायचं त्याला ठाऊक असतं. न तो पलीकडचा राउटर, तो गल्लीबाहेरचा रस्ता जाणतो. एकाच वायरची दोन्ही टोकं स्विचमध्ये गेली की सगळ्यांना मारलेली हाक तिथंच फिरत राहते, वाढत जाते, मग कोणाचंच पत्र पोचत नाही. मी म्हटलं, म्हंजी पाणी नळीतच गरागरा, न रोपाला थेंब नाय. तर लय हसल्या. म्हणाल्या, मावशी, आता मी पोरांनाही असंच शिकवीन.

मला काढतील म्हणून महिनाभर धाकधूक व्हती. नाय काढलं. पुढं ऑफिसातल्या शिपायानं मॅडमचा तो कागद मला वाचून दाखवला. वायर लोंबत मीच ठेवली होती, मावशींनी ती आवरली, चूक माझी. एवढंच लिहिलेलं. वर ताकीद त्यांनाच मिळालेली, न मला एका शब्दानं बोलल्या नाय. मी जिन्यात बसून रडले.

त्या आता लग्न होऊन लांब गेल्यात. मला रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत, आता स्विचची जोडणी मीच बघते. रोज दिवा लावताना त्यांचं नाव घेते बघा, माझ्या लेकीच्या आधी.