पाड्याच्या उतारावर मी गाडी घातली नाही

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या फिरत्या दवाखान्याच्या डॉ. संजना मॅडम, राई गावातून आलेली माझी भावकी, आणि भाईंदर पश्चिमेच्या या सभागृहात बसलेल्या बंधू-भगिनींनो,

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, सत्तावीस वर्षांच्या सेवेबद्दल चांगलं बोललात. मी आभारी आहे. खरं सांगायचं तर थकलोय. गुडघे क्लचने खाल्ले, कंबर खड्ड्यांनी. म्हणून थोडक्यात बोलतो.

आधीच्या वक्त्यांनी सांगितलं की हरिश्चंद्र कुठल्याही डोंगरावर गाडी चढवतो. कौतुक आहे, पण ते खरं नाही. आपली गाडी फोर बाय फोर आहे. चारही चाकांना ताकद मिळते. पण ताकद म्हणजे पकड नव्हे. चढताना ती ताकद कामाला येते. उतरताना लाल चिखलावर चाक जाम झालं, की जीप काय नि ट्रक काय, सगळं सारखंच घसरतं. लोक विचारतात, मग उतरायचं कसं? लो गिअर टाकायचा, पहिल्यावर ठेवायची, क्लचला पाय लावायचा नाही, ब्रेक दाबून धरायचा नाही, इंजिनला गाडी धरू द्यायची. आणि त्याआधी खाली उतरून रस्ता पायी बघायचा. हे शेवटचं कुणालाच आवडत नाही. वेळ जातो ना.

चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली गोष्ट. आपण डोंगरावरच्या पाड्यावर तपासणीला गेलो होतो. सकाळी गाडी नीट चढली. दुपारी दोन तास पाऊस कोसळला. तेवढ्यात शेवंतीला आणलं. सातवा महिना, रक्त जायला लागलेलं. मॅडम म्हणाल्या, "हरिश्चंद्र, लगेच निघायचं."

मी म्हटलं, "मॅडम, पाच मिनिटं द्या. रस्ता बघून येतो."

दुसऱ्या वळणापर्यंत चालत गेलो. पाणी वाटेवरून आडवं वाहत होतं आणि दरीकडची कड खालून पोखरलेली दिसली. काठीने टोचलं तर माती ढासळली. मागे आलो नि सांगितलं, "गाडी उतरणार नाही."

शेवंतीचा नवरा शिवा माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, "सकाळी चढली ना? मग आता काय झालं? आमचं माणूस हाय म्हणून?"

मी गाडीची चावी खिशात टाकली. मागच्या सीटवर शेवंती, मॅडम, नर्स उर्मिलाताई बसल्या असत्या. गाडी घसरली असती तर माझ्यासकट चौघंही दरीत.

बांबूला गोधडी बांधली. एका टोकाला शिवा, दुसऱ्या टोकाला मी. उर्मिलाताई सलाइनची बाटली धरून बाजूने चालत होत्या. खालच्या सडकेवर अँब्युलन्स बोलावली होती. तिथे पोहोचायला सव्वा तास लागला.

शेवंती वाचली. बाळ गेलं.

संस्थेने लेखी खुलासा मागितला. मागणं योग्यच होतं, तक्रार नाही. मी दोन ओळी लिहिल्या: रस्ता सुरक्षित नव्हता, निर्णय माझा होता. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा गाडी आणायला वर गेलो. अध्यक्ष महोदय, हे मी आजवर घरीसुद्धा सांगितलेलं नाही. ती कड तशीच उभी होती. गाडी आरामात खाली आली.

त्या दिवशी आली असती का? मला माहीत नाही. मॅडमनाही माहीत नाही. मी त्यांना एकदा विचारलं होतं, लवकर पोहोचलो असतो तर बाळ वाचलं असतं का. त्या म्हणाल्या, "कदाचित." खोटं बोलल्या नाहीत, त्याबद्दल त्यांचे आभार.

शिवा वर्षभर माझ्याशी बोलला नाही. मी पाड्यावर जायचो, तो पाठ फिरवायचा. पुढच्या पावसाळ्यात एकदा मी चाकोरीत दगड भरत होतो, तेव्हा तो आला. तोही दगड टाकायला लागला. काम झाल्यावर म्हणाला, "मी पुढं चालतो. हात वर केला का थांबायचं." तेव्हापासून ओल असली की तो पुढे चालतो, मागून गाडी. त्याने मला माफ केलं का, मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

उद्यापासून गाडी मिनल चालवणार आहे. हात चांगला आहे तिचा, माझ्यापेक्षा शांत. मिनल, तुला शिकवण्यासारखं सगळं शिकवलंय.

व्यासपीठाला मात्र एक विनंती आहे. एखाद्या दिवशी ही मुलगी वरून फोन करून सांगेल की गाडी उतरणार नाही. तिला खुलासा जरूर मागा. पण त्याआधी कुणीतरी तिला घरी सोडायला जा. त्या संध्याकाळी मी एकटाच राईला गेलो होतो.

आपण ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर या थकलेल्या माणसाला सांभाळून घ्या. नमस्कार.