अंगठ्याखालचं नाव

शाळा उघडल्या त्या आठवड्यात सईदा महागावच्या मोटारस्टँडवर रांगेत उभी होती. तिच्या पुढं तांड्यावरची भुरीबाई आणि तिची शाळकरी लेक झमकू. भुरीबाई पुढच्या म्हातारीला तावातावानं सांगत होती.

"सारा उन्हाळा हिनं मले शिकवलं, आजी. रोज सैपाक झाला का परातीत चुलीची राख पसरायची अन् बोटानं माहं नाव गिरवायचं."

"मंग चांगलंच झालं."

"कायचं चांगलं? आज हिच्या चौथीचा फारम भराले गेलतो. म्हटलं, सही करतो. तो कारकून म्हणते, मागच्या साली अंगठा होता, यंदाही अंगठाच पायजे."

"असं काहून?"

"म्हणे, सही जुळत नाही. अवं, अंगठ्याशी सही जुळन कशी? दोन महिने म्या काय राख उगीच चिवडली?"

"मंग देला अंगठा?"

"देला. पण त्याचा टाक उचलला अन् अंगठ्याखाली नाव लिहूनच उठलो."

"बरं केलं."

झमकूनं आईचा पदर ओढला.

"याडी, तू 'री'ले पहिली वेलांटी देली. दुसरी पायजे होती."

भुरीबाई लेकीकडं वळली.

"तवाच काहून नाही सांगितलं?"

"तो कारकून पाहून राह्यला होता."

समोर मोटार येऊन लागली.

"चाल. मोटार गेली तं जाऊ दे. वेलांटी दुरुस्त करून येऊ."

मायलेकी शाळेच्या वाटेनं निघाल्या. रांग पुढं सरकली, पण सईदा त्यांची जागा मोकळी ठेवून तिथंच उभी राहिली.