भाऊजींचे स्पीकर

आता हसू येतं, पण त्या दिवशी मी चांगलीच घाबरले होते. नागपूरला घर बदलताना माझ्या धाकट्या दिरांनी त्यांचे मोठे स्पीकर आमच्याकडे दिघोरीला ठेवले. "वयनी, जिवापाड जपजा," असं बजावून गेले. पुढे नवा धान घरात आला. जागाच उरली नाही, म्हणून आम्ही स्पीकर धानाच्या पोत्यांवर ठेवले.

भाऊजी न्यायला आले आणि आधी गाणं लावून बघितलं. एका स्पीकरमधून गाण्यासोबत नुसती खरखर!

"पडदा फाटला वाटते," ते हळूच म्हणाले.

मी रडायच्या बेतात. "मी तर फक्त फडक्यानं पुसत होती जी!"

त्यांनी स्क्रू काढून जाळी उघडली आणि स्पीकर तिरपा केला. आतून भडाभडा धान सांडला. उंदरानं मागच्या भोकातून नेऊन साठवला होता. पुन्हा गाणं लावलं, तर आवाज एकदम स्वच्छ. माझा जीव भांड्यात पडला.

"वयनी, तुम्ही तर याची धान साठवायची ढोलीच करून टाकली!" भाऊजी हसत सुटले.

तेवढ्यात सासूबाई सूप घेऊन आल्या आणि भाऊजींना म्हणाल्या,

"स्पीकर तुया आहे, घेऊन जाय. धान आमचा आहे, तो झाडून दे."