कॅनच्या तळाचा आकडा

...नाही, तुम्ही तिकडेच तोंड करून बसा जावईबापू, मी पडद्याआडूनच बोलते — सासूने जावयाचं तोंड पाहायचं नाही ही आपल्या बुगांडातली रीत, आणि आज ती माझ्या सोयीचीच आहे, रडले तरी तुम्हाला दिसायचं नाही. तर आंबील परत आणलीत. झाकणसुद्धा उघडलं नाही ना तिने? वाटलंच मला. सांगितलंत ना, या खेपेला मडक्यात आंबवलीय म्हणून? सांगितलंत. मग काय म्हणाली? — राहू द्या, नका सांगू. माझी नांतुमे काय म्हणाली असेल ते मला इथे बसून ऐकू येतं.

सातवा महिना लागला तिला. या दिवसांत लेकीने आईच्या हातचं खायचं नाही तर कुणाच्या? पण तिचं तरी काय चुकलं — पहिलं बाळ पोटातच गेलं, आणि त्याआधी महिनाभर ती माझ्याकडचीच आंबील पीत होती. माझं मडकं फुटलं होतं, म्हणून परसातल्या पाण्याच्या कॅनमध्ये आंबवायला लागले. तळ बघून घेतला होता हो मी. तीन बाणांचा त्रिकोण आणि आत दोन. दोन म्हणजे चांगला, दुधाचे कॅनही त्याच प्लास्टिकचे, खाण्यापिण्याला चालतो — हे इथे पोरासोरांनाही ठाऊक आहे, तीन किंवा सहा दिसला तर आम्ही हातही लावत नाही. मग ती दवाखान्यातली नर्स घरी आली, कॅन नाकाशी नेला आणि म्हणाली, मावशी, आकडा प्लास्टिक कुठलं ते सांगतो, आत आधी काय भरलं होतं ते कसं सांगेल? फवारणीचं औषध होतं म्हणे त्यात. ते प्लास्टिकमध्ये मुरतं, राखेने घासा की उकळतं पाणी ओता, सगळं निघत नाही. आणि मी आंबट आंबील दोन-दोन दिवस त्यात — डॉक्टर म्हणाले, बाळ कशाने गेलं ते सांगता येत नाही, कधीकधी कारण सापडतच नाही. डॉक्टरांचं सोडा. नांतुमेने मला एकच विचारलं, आई, कॅन कुठून आणलास? मी म्हटलं, बाजारातून, स्वस्तात मिळाला. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

काय म्हणालात? कुणाकडून घेतला? — आता ते विचारून काय करणार, जाऊन त्याची मानगूट धरणार? नको हो, उगाच कुणा गरिबाच्या अंगावर जाल. बाजारातल्या माणसाचा काय दोष, बाजारातला जुना कॅन मी वास घेतल्याशिवाय उचलत नाही. हा तर घरचाच — लग्नाआधी ती एंटेबेला तळ्याकाठच्या फुलांच्या मळ्यात कामाला होती ना, तिथून डोक्यावर घेऊन आली होती, केवढी खूश, वरचा कागद दगडाने खरवडून काढलेला, म्हणाली, आई, तळाला दोन आहे बघ, आता पाणी आणायला शेजारणीचा कॅन मागायला नको —

नाही. काही नाही म्हणाले मी.

बसा, असे उठू नका. ऐकलंत ना? ऐकलंत तर आता पुरतं ऐका. तिचा तो कॅन केव्हाच फुटला, फेकून दिला, असं मी तिला सांगितलंय. नर्स गेल्यावर मीच तो कोयत्याने कापला आणि केळीच्या बागेपलीकडे खड्डा करून पुरला. तिला यातलं एक अक्षर कळता कामा नये. आईवर रागावून बाई जगते हो. स्वतःवर रागावून, आणि तेही पुन्हा पोटात बाळ असताना — नको. मला तिची खूप आठवण येते, पण नको. ती आंबील तिथेच उंबऱ्यावर ठेवा. तिला सांगा, म्हातारीने ऐकून घेतलं, उलट एक शब्द बोलली नाही. निघा आता, कंपालाची गाडी भरत आली असेल.