चूलबंद आवतण

आधीच माफी मागून ठेवतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल, शब्दही आमच्या कोरेगावच्या बाजारात मिळतात तसलेच साधे, शाळा चौथीत सुटली, आणि हे मी कागदावर लिहून वाचतोय, कारण मी तोंडानं बोलायला गेलो की काय होतं ते अख्ख्या तालुक्यानं बघितलंय! अजून येता-जाता माणसं हटकतात, "काय लालासाहेब, आज कुनाची चूल इझवली?" अहो, पण माझं चुकलं कुठं? आवतण म्हटल्यावर दुसरं काय म्हणायचं असतं, तुम्हीच सांगा!

तुम्हाला सांगतो, सगळं त्या भाऊसो मास्तरांपायी. मास्तर वाईचे, लढाई संपून वर्ष होत आलेलं, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी, आणि त्यांच्या डोक्यात आलं की नदीकाठच्या आमराईत दहा दिवस पोरांचं शिबिर घ्यायचं. सगळ्या जातींची, सगळ्या वाड्यांची चाळीस पोरं, एका छपराखाली निजायचं, एका पंगतीत जेवायचं! मला म्हणाले, "लालासाहेब, घरोघरी जाऊन पोरांना बोलावणं कर. पोरं आली नाहीत तर शिबिर बुडालं. हे काम तुझं." चौथीनंतर पहिल्यांदा कुणीतरी मला काम सोपवलं होतं हो! बांधावरची बाभळसुद्धा मला त्या दिवशी नमस्कार करतेय असं वाटलं…

पण पहिलं घर राहीबाईचं. म्हातारी जात्यावर. मी दारात उभा. ती म्हणते, "काय रं? कोन गेलं का काय?" मी टोपी काढून हातात धरली. "आरं बोल की मुडद्या!" आणि मग आमचे आबा लगीनसराईत दारोदार जे म्हणत हिंडायचे, तेच माझ्या तोंडातून भसकन बाहेर पडलं, "सोमवारी आमराईत चूलबंद आवतण हाय!" चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं. ती हरखली! "कुनाच्या पोराचं जावळ हाय व्हय?" मी मान हलवली. माझी मान कुणी काहीही विचारलं की आपोआप हलते. मग काय, पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरी तेच, थेट माणदेशातनं चरायला आलेल्या मेंढपाळांपर्यंत तेच! कुणी नाही म्हणेना! मी खूश, मास्तर खूश… आवतण म्हटल्यावर दुसरं काय म्हणायचं असतं?

उजाडला सोमवार. शिबिरात सयाजी हवालदार होते, ब्रह्मदेशच्या लढाईतून नुकतेच परतलेले, त्यांच्याकडे कवायत. ते आंब्यावर चढून बघत होते, तिथूनच ओरडले, "लालासाहेब! ये चाळीस है? ये तो पुरी पलटन आया रं!" बघतो तर धुरळा! बैलगाड्या, कडेवर पोरं, काठ्या टेकत म्हातारे, आणि मागनं केरबा मेंढपाळ, बायको, सात लेकरं आणि सगळी मेंढरं! मेंढरांनी आल्या आल्या स्वागताची पानांची कमान खाल्ली. केरबा म्हणतो कसा, "चूलबंद म्हनल्यावर मेंढरं कुनाच्या जिवावर सोडू? आमची चूल त्यांच्यासंगच हिंडती!"

हवालदार खाली उतरले. "राशन चाळीस हेडचं हाय!" मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. "लालासाहेब, तू नेमकं काय म्हणालास?" मी सांगितलं. "मग आता तूच सांग त्यांना. मोठ्यांनी माघारी जायचं."

अहो, कसं सांगायचं? पंगतीतून उठवलेला माणूस पोर मागं ठेवील? तो पोराचं बखोट धरून चालू लागणार, आणि पुन्हा जन्मात कुणी या आमराईकडं फिरकायचं नाही! मला बाजेवर उभं केलं. समोर एवढी तोंडं. बाज माझ्याखाली करकरायला लागली. राहीबाई ओरडली, "आरं बोल, पोटात कावळं वरडाय लागलं!" आणि मी खरं तेच बोललो, "जेवान… कमी पडतंय."

मेंढरंसुद्धा चघळायची थांबली.

"येवढंच व्हय!" म्हातारी म्हणाली. "अगं बायांनो, सोडा गठुडी!" जावळ म्हणून आहेराला आणलेलं पीठ, गूळ, डाळ भराभर बाहेर आलं! दगड मांडून चुली पेटल्या. बाप्यांना काम नव्हतं, ते उघड्या छपराकडं बघून म्हणाले, "ह्ये कुनी बांधलं? कावळ्यानं का?" आणि वर चढून पाचट शाकारायला लागले. मास्तरांनी एका पंगतीचं महत्त्व यावर दोन तासांचं भाषण तयार केलं होतं, ते तसंच राहिलं. गर्दीत वेगळं बसायला जागाच नव्हती हो! ज्याचं पान ज्याच्या शेजारी पडलं तो तिथं जेवला.

संध्याकाळी गाड्या जुंपल्या. आता पोरं चढणार गाडीत… पण पोरं छपरात भांडत होती! "माझ्या बानं शाकारलंय, त्याच्याखाली मी!" "सर की गड्या, हितं माझा बा हुता!" एकही पोर गाडीत चढलं नाही. उलट राहीबाईच खाली उतरली. "माझी चूल बंदच हाय न्हवं? मग जाऊन करू काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदारांच्या रांगेत चाळीस पोरं आणि एक म्हातारी, डावा-उजवा करत! मास्तरांनी माझ्या हातात कागद दिला. "समारोपाचं बोलावणं. फक्त आईवडील. तोंड उघडू नकोस, नुसतं वाच." मी गेलो बनुबाईच्या दारात, तिचंही पोर शिबिरात होतं, कागद धरला, अडखळत का होईना सगळा वाचला. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते समदं ऱ्हाऊ दे. चूल बंद का चालू?"

मी काही बोललो नाही हो, शपथ! नुसती मान हलली.

कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि माघारी येताना नदीतनं चुलीसाठी तीन दगड उचलून आणले.