गंगारामकाकांचा परवाना आणि माझी निळी फाइल

आदरणीय अध्यक्ष भाई मयेकर, प्रमुख पाहुण्या निवृत्त शिक्षिका विनीताताई, आजचे सत्कारमूर्ती गंगारामकाका चिंदरकर, सुगंधाकाकी, जेटी नाका रिक्षा संघटनेचे सर्व सभासद आणि आपल्या रिक्षांत रोज बसणाऱ्या, आज खुर्च्यांवर बसलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी धनेश, संघटनेचा लेखनिक. शिक्षण नववीपर्यंत. भाषण लिहून आणलं आहे, दोनदा उतरवून काढलं आहे. तरी कागदात बघूनच बोलेन.

गेल्या वर्षी, गुरुवार दिनांक ६ मार्च २०२५ रोजी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मी ओरोसला परिवहन कार्यालयातल्या एका टेबलासमोर उभा होतो. मांडीला ही निळी फाइल घट्ट दाबून धरली होती. तिच्यात काय होतं ते सांगतो. आधी काकांविषयी दोन शब्द बोलणं माझं कर्तव्य आहे.

काकांनी या नाक्यावर एकतीस वर्षं रिक्षा चालवली. अडल्या बाईला दवाखान्यात पोचवून भाडं न घेता परत आले, असं या सभागृहातल्या किती घरांत घडलं आहे? हात वर करा म्हटलं तर मला मोजायला वेळ लागेल. आणि देवापुढे घातलेलं त्यांचं गाऱ्हाणं! नाक्यावरच्या आंब्याखाली आपला राखणदार आहे. नवी गाडी आली की काका त्याच्यासमोर उभे राहणार, 'ह्या लेकराच्या चाकाआड कोण येव नये रे म्हाराजा' म्हणणार, आणि आपण सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणणार. अंगावर काटा येतो.

राखणदाराला नारळ, विडी आणि बाटली दाखवायची आपली रीत आहे. दोन थेंब मुळाशी ओतायचे आणि उरलेली बाटली गाऱ्हाणं घालणाऱ्याची. ही रीत कोणी घातली मला माहीत नाही. पूर्वी नाक्यावर सहा रिक्षा होत्या. आता त्रेचाळीस आहेत. नवी गाडी, नवा टायर, पासिंग झालं, पोरगा दहावी पास झाला, की घाला गाऱ्हाणं. मी रजिस्टर काढून मोजलं. २०२४ साली एकशे अकरा गाऱ्हाणी झाली. गाऱ्हाणं आटोपलं की काका आपल्या नंबरावर भाडं घेऊन जायचे. आणि बाटली आणायला कोण जायचं? मी जायचो.

पिऊन रिक्षा चालवताना काकांना पोलिसांनी पहिल्यांदा पकडलं तेव्हा परवाना सहा महिने बंद झाला. आपण म्हणालो, नशीब वाईट. दुसऱ्यांदा पकडलं ते गेल्या वर्षी फेब्रुवारीत. त्या सकाळी भाईंच्या नव्या रिक्षाचं गाऱ्हाणं होतं.

भाई, ऐकू आलं मला. 'माझी बाटली खंय काढतंस रे?' म्हणालात ना? माफ करा, पण रजिस्टरमध्ये तारीख आहे.

मग नोटीस आली, की हा दुसरा गुन्हा आहे, तर परवाना कायमचा रद्द का करू नये? सभा बोलावून आपण ठरवलं, संघटनेने दयेचा अर्ज द्यायचा. लिहायला अर्थातच मी. त्यात मी एक वाक्य घातलं: 'श्री. चिंदरकर यांच्यामुळे आजवर एकाही प्रवाशाला इजा झालेली नाही.' त्रेचाळीस सभासदांनी सह्या केल्या. भाई म्हणाले, प्रवाशांच्याही घे. म्हणून ५ तारखेला संध्याकाळी मी मासळी बाजारात राधाबाईंकडे गेलो. त्या वीस वर्षं काकांच्याच रिक्षाने जातात. मी त्यांना अर्ज वाचून दाखवला.

त्या म्हणाल्या, "इजा नाय झाली, ता खरा. पण माझी पाटी दर्यात गेली ती लिही मा."

मी विचारलं, कसली पाटी?

तेव्हा कळलं. जानेवारीतली दुपार, भरतीची वेळ. काका हँडलवर मान टाकून झोपले आणि रिक्षा धक्क्याच्या काठावर जाऊन थांबली. पुढचं चाक बाहेर, खाली पाणी. राधाबाईंच्या मांडीवर सुरमईची पाटी आणि कडेला तीन वर्षांची नात दिव्या. पाटी आणि दिव्या, दोन्ही एकदमच पाण्याकडे कलंडल्या.

"दोनच हात रे माका," राधाबाई म्हणाल्या. "एक कायतरी सोडूचा लागला. पाटी सोडलंय."

मी म्हटलं, "तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"गंगारामाचा नाव कशाक खराब करू? आण हय, अंगठो देतंय."

त्यांनी अंगठा दिला. तो या कागदावर आहे, शेवटच्या ओळीत. दिव्या शेजारी बसून शिंपल्यांशी खेळत होती.

दुसऱ्या दिवशी ओरोसला काकांना बाहेर बाकावर बसवून मी आत गेलो. साहेबांनी विचारलं, "संघटनेचं काही लेखी म्हणणं आहे?" मी फाइल दाबून धरली आणि म्हणालो, "नाही."

मग काकांना आत बोलावलं. परवाना रद्द झाला. परत येऊन मी तुम्हा सर्वांना सांगितलं, की अर्ज दिला होता, साहेबांनी फेटाळला. ते खोटं होतं. अर्ज हा इथे आहे. वर्षभर माझ्या खणात होता.

काका, तुम्ही उठू नका. काय म्हणालात? मागे ऐकू गेलं नसेल, मी माइकवर सांगतो. काका म्हणतायत, "अरे मेल्या, वर्षभर मी त्या सायबाक गाळी घातलंय मा!"

हसा, चालेल. काका मात्र हसत नाहीयेत. त्यांना हसायला मी सांगणार नाही. हा माणूस वर्षभर रोज सकाळी नाक्यावर येतो, आपली बंद उभी रिक्षा पुसतो आणि पायी घरी जातो. ते मी रोज बघितलं आहे.

उद्यापासून काकांची ती सतरा नंबरची रिक्षा त्यांची पोरगी सलोनी चालवणार. तिला परवाना मिळाला, बॅज मिळाला. सकाळी सात वाजता गाऱ्हाणं आहे. ते काकांनीच घालायचं, दुसऱ्या कोणाच्या तोंडी ते शोभत नाही. मी नारळ आणीन, विडी आणीन. बाटली आणणार नाही, उद्याही नाही आणि पुढेही नाही. पटत नसेल तर भाईंनी दुसरा लेखनिक बघावा, रजिस्टर पूर्ण करून ठेवलं आहे.

काका, हा अर्ज मी फाडला नाही. त्रेचाळीस सह्या आणि एक अंगठा आहे, सगळे तुमच्यावरच्या मायेने दिलेले. तो तुम्ही घरी न्या. जाताना सलोनी सोडेल, मागच्या सीटवर बसा.

अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही ऐकून घेतलं, सर्वांचा आभारी आहे. बोलताना कोणाचा मान राखायचा राहिला असेल तर लहान समजून सांभाळून घ्या. खोटं बोललो, त्याची काकांची आणि तुम्हा सर्वांची माफी मागतो. अर्ज दिला नाही, त्याची मागत नाही.

नमस्कार.